बेंबी बसवणारे जवाहर

आमचे हे, जवाहर पाटील, म्हणजे कवठे महांकाळात बेंबी बसवणारे. कुणाचं पोट दुखलं की माणूस सकाळी उपाशीपोटी येणार, सतरंजीवर उताणं झोपणार, आणि हे बेंबीवर अंगठा ठेवून आतला ठोका कुठं उडतोय ते बघणार. ठोका बाजूला लागला की म्हणायचं, "सरकलीय." मग तेल लावून चोळायचं. पार कोरेगावाहून माणसं येतात. पैसा घेत न्हाईत, म्हणून तोरा आणखीच मोठा.

गेल्या द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत ह्यांचंच पोट दुखायला लागलं. पाठ धरली, रोज संध्याकाळी ताप. मी म्हटलं, सांगलीला जाऊ. तर म्हणाले, "काय गरज हाय? माझी बेंबी सरकलीय." आणि स्वतःचीच चोळत बसले. महिनाभर मी डोकं आपटलं. दगडानं तरी ऐकलं असतं. शेवटी उठता येईना, तवा आमच्या पोरानं, आर्जवनं, उचलूनच गाडीत घातलं.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघितला. म्हणाल्या, "पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलीय. तिच्यात जंतू शिरलेत, भिंत कुजत चाललीय. कधीही फुटेल. नुसत्या औषधानं भागणार नाही, कुजलेला भाग कापून काढावा लागेल." मग विचारलं, "पोट कुणी चोळलं होतं का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे छताकडं बघत होते.

एवढं ऐकून माणूस म्हणतो काय, "पोट फाडून घ्यायचं न्हाई. घरी चला." सही करायलाच तयार न्हाईत. माझं टाळकंच सरकलं. ह्यांचा हात धरला आणि अंगठा ह्यांच्याच पोटावर ठेवला.

"दाबू नका, नुसता ठेवा. आवं, जगाच्या बेंब्या बघता, आता ही बघा. सरकलीय का?"

अंगठा डावीकडं गेला, मग उजवीकडं. सगळीकडंच उडत होतं, तळहाताएवढ्या जागेत. ह्यांचं तोंड उतरलं.

"न्हाई गं," म्हणाले, "ही सरकलेली न्हाई." आणि सही केली.

ऑपरेशन दिवसभर चाललं. कुजलेली नस काढली, आजूबाजूचं सगळं धुऊन काढलं, मांडीतली शीर घेऊन रक्ताला नवी वाट जोडली. मग दीड महिना सलाईनमधनं औषध. गोळ्या अजून चालूच हायत. मी बाहेर बाकड्यावर बसून रडले कमी आणि ह्यांच्यावर चिडले जास्त. तो महिना वाया घालवला न्हाई का?

परवा मंदिरातनं आले, तर ओसरीवर शेजारची धोंडुबाई उताणी, आणि ह्यांचा अंगठा तिच्या बेंबीवर. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"एवढं होऊन अक्कल आली न्हाई व्हय तुमाला?"

"चोळत न्हाई. फुगलीय का तेवढंच बघतोय."

"आणि फुगलेली निघाली तर?"

"सांगलीला धाडीन."

"आणि तिनं न्हाई ऐकलं तर?"

ह्यांनी अंगठा उचलला. धोंडुबाई पडल्या पडल्या आमच्या दोघांची तोंडं बघत होती.

"मग तुला बोलवीन," म्हणाले.