चार वाजताचा एक श्रोता

बेरूतच्या बुर्ज हम्मूद भागात जोडे शिवणाऱ्या नाझारेतचा आवाज मोठा आणि हट्ट त्याहून मोठा. अर्धी आर्मेनियन गल्ली परदेशी पांगली, दुकानाला कुलूप लागलं, तर या गृहस्थाने घरातच रेडिओ काढला! मुलाने, हाइगने, एक सर्व्हर मांडून दिला. रोज दुपारी चार ते पाच नाझारेत सांगणार : कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं. मधूनमधून जुनी गाणी. गेलेली माणसं तिकडे इंटरनेटवर ऐकायची. आधी दोनशे होती. होता होता एक उरलं.

तो एक म्हणजे आपला हाइगच, असं नाझारेत धरून चालला होता. हाइग मॉन्ट्रियलला निघताना बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं, बाप विमानतळावरही गेला नाही. त्यानंतर दोन वर्षं फोन नाही. पण माइकवर नाझारेत म्हणायचा, "आज घरी चोरेगचे गोड पाव भाजलेत, वास थेट जिन्यापर्यंत आलाय." ज्याला कळायचं त्याला कळेल.

सरकारी वीज आता नावापुरतीच उरली होती, आणि गल्लीतला जनरेटर दुपारी बारा ते सहा बंद. पोरगा कधी ऐकायला येईल काय सांगावं, म्हणून नाझारेत सर्व्हर दिवसभर चालूच ठेवायचा, बारापासून बॅटरीवर. बॅटरी अडीचलाच मान टाकायची.

"त्या डब्याला वीज पाजतोस आणि माझं दही नासतंय," बायको सिरवार्त करवादायची. "फ्रीज लाव बॅटरीवर!"

"फ्रीज अर्ध्या तासात बॅटरी गिळेल."

"मग उद्या डबाच वाढते ताटात."

नाझारेतने मॉनिटर काढला, जादा डिस्क काढली, सर्व्हरचा वेग कमी केला. साठ वॅटचे बत्तीस झाले. तरी पाचला वीस मिनिटं असताना सगळं बंद पडायचं. पोरगा रोज मधेच तुटतो, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

गुरुवारी गाणं लावून तो सर्व्हरवर काय काय चालू आहे याची यादी फोनवर चाळत बसला. हाइगने ठेवलेला 'पहारेकरी' नावाचा छोटासा प्रोग्राम सारखा चालू दिसला. कशाला हवाय? त्याने बंद केला.

"सिरवार्त! चार वॅट वाचले! आज पूर्ण तास ऐकेल तो!"

मग त्याने आकडा पाहिला. श्रोते : शून्य.

"कॉफी करायला उठला असेल," सिरवार्त म्हणाली.

त्याने पहारेकरी चालू केला. एक. बंद केला. शून्य. पुन्हा चालू. पुन्हा एक. परत बंद, परत शून्य. त्याने प्रोग्राम उघडला. प्रोग्रामच्या माथ्यावर हाइगने लिहून ठेवलं होतं : हा रेडिओ ऐकत राहील, आवाज थांबला तर पुन्हा सुरू करेल.

अरे देवा! म्हणजे माणूस दोन वर्षं यंत्राला चोरेगचा वास सांगत होता.

"फोन कर त्याला," सिरवार्त हळूच म्हणाली. "मोठा आहेस, तूच कर."

"केला होता."

"कधी?"

"नाताळात. नंबर बदललाय त्याने."

सिरवार्त त्याच्याजवळ येऊन बसली. त्याने फोन केला होता हे तिलाही ठाऊक नव्हतं. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं होतं. नाझारेतने पहारेकरी बंद केलेला होता, तो परत चालू केला. वाचलेले चार वॅट गेले. फोनवर एकचा आकडा उमटला, आणि तो घसा खाकरून माइकपुढे बसला.