बरकत हाय

चाचींनी आयुष्यात कधी ‘एक’ म्हटलं नसावं. जोंधळे मापायला बसल्या की पहिलं मापटं ‘बरकत’, मग दोन, मग तीन. मी हसले की म्हणायच्या, “एक म्हटलं की एकच ऱ्हातंय गं. पयलं माप वरच्याचं. त्येला आकडा लावू न्हाय.”

निपाणीत दर्ग्यामागच्या खोलीत त्या एकट्या राहत. मुजावर नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंगण झाडणं आणि लोबान पेटवणं अजून त्यांच्याकडेच होतं. शेजारची खोली आमची. आम्ही खानापुराकडचे, तंबाखूच्या वखारीत कामाला आलेलो. लढाई लागली, नवरा पलटणीत गेला. मला सहावा महिना. तंबाखूची धूळ सोसेना, काम सुटलं. दुसरीतून शाळा सोडलेली मी, परक्या गावात पत्राची वाट बघत बसले.

“चाची, ते जिवंत असतील का हो? पीरबाबाला विचारा की!”

“मी काय जोशीण हाय व्हय? मी दुवा मागती. खबर पोस्टमन देतोय.” असं म्हणत त्या लोबानाची राख माझ्या कपाळाला लावायच्या, आणि माझी छाती जरा हलकी व्हायची.

त्या वर्षी जोंधळा मिळेनासा झाला. दर्ग्यात धान्य वाहणारेही आटले. तरी दिवस मावळायच्या आत चाची एक भाकरी घेऊन माझ्या दारात उभ्या.

“तुमचं, चाची?”

“बरकत हाय, पोरी. खा तू.”

बरकत म्हणजे भरभराट, एवढंच मला ठाऊक. मी खाल्लं. पोटातलं पोर लाथा मारायचं आणि मी म्हणायची, पीरबाबाच्या घरात कशाला कमी पडतंय!

मग चाची तापानं पडल्या. पेज करावी म्हणून मी त्यांच्या पिठाच्या मडक्यावरचं फडकं काढलं. आत काही नव्हतं. बोट फिरवलं, बोटालाही पीठ लागलं नाही. समाचाराला आलेल्या पिंजारणीला मी विचारलं, “पीठ कुठं ठेवतात ह्या? रोज तर म्हणतात, बरकत हाय.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “अगं येडे, आमच्या मुसलमानांत संपलं म्हणत न्हाईत. मडकं रिकामं झालं की बरकत हाय म्हणायचं.”

मी चाचींच्या उशाशी जाऊन रडले. “का न्हाय सांगितलंसा मला?”

“रोज सांगत हुती की.” त्यांना हसू आलं, त्यातच खोकला. “तुला कळलं न्हाय, हीच पीराची मेहेरबानी.”

पिंजारणीनं पीठ आणलं. मी पेज केली. दोन घास गेले, तिसरा ओठांवरून ओघळला. चार दिवसांनी चाची गेल्या. तापानं गेल्या, असं सगळे म्हणाले.

मुलगा सुखरूप झाला. त्याचे वडीलही परतले, आणि त्यांच्या नोकरीमागं आम्ही मुलखापासून फार लांब आलो. इथंही मी पहिलं माप ‘बरकत’च म्हणते. पण पीठ संपलं की ‘संपलं’ म्हणते, मोठ्यानं. आणि कुणी “भरपूर आहे हो, जेवा” म्हणालं, की आधी उठून त्यांचं भांडं उघडून बघते. लोक मला आगाऊ म्हणतात. म्हणोत.