पिठावरचं पाऊल

माणूस गेलं की आमच्या घरात एक रीत आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलं की, जिथं जीव गेला त्याच जागी जमिनीवर पीठ चाळून पसरतात. मधोमध दिवा ठेवतात अन् वर दुरडी पालथी घालतात. सकाळी घरातल्या कर्त्यानं दुरडी उचलायची. पिठावर ज्याचं पाऊल दिसेल त्याच्या जन्माला ते माणूस गेलं. माझ्या आईच्या वेळी गाईचं खूर उमटलं होतं, बापाच्या वेळी मुंग्यांची रांग. काहीच उमटलं नाही तर जीव तिथंच घुटमळतोय असं धरतात, अन् पुन्हा पीठ पसरतात. यात जागा बदलून चालत नाही.

माझी बायको पुण्यात मेली, अन् ती जागा आता राहिली नाही.

दिंद्रुडजवळच्या आमच्या गावातून मेंढरं विकून आम्ही पुण्याला गेलतो, तेव्हा पोरगा कडेवर होता. कालव्याच्या कडेला पत्र्याची खोली केली. मी रखवाली केली, तिनं बांधकामावर विटा वाहिल्या. चारी बाजूंनी इमारती चढत गेल्या, आमची गल्ली तेवढी खाली राहिली. मग बिल्डरची नजर तिच्यावरही पडली. चाळीस खोल्या पाडायच्या, तिथंच टोलेजंग इमारत उठवायची अन् ज्याला त्याला वर एक पक्की खोली द्यायची. सगळ्यांनी अंगठे दिले. माझी बायको अडून बसली.

"सातव्या माळ्यावर मेले तर खाली कसं आणताल? लिफ्टात मढं हुबं करून?" तिनं बिल्डरच्या माणसाला विचारलं. तो हसला. ती नाही हसली.

समोरच्या खोलीत परभणीकडची एक बाई राहायची. नळावर बारा वर्षं दोघींचं वाजायचं. ती दारात येऊन ओरडली, "हिच्या एकटीपायी आमी सगळ्यांनी पत्र्यातच मरायचं का?"

"मर की. तुला कुणी धरलंय?" बायको म्हणाली.

पण सगळी गल्ली बोलायची बंद झाली तेव्हा तिनं अंगठा दिला. मला म्हणाली, "मी काय तिकडं यायची न्हाई. तुमी जावा." खोल्या रिकाम्या करायच्या त्याच आठवड्यात ती भाकरी थापता थापता भिंतीला टेकली. तव्यावरची भाकरी जळाली तेव्हा मला कळलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून आलो तर गल्लीच्या तोंडाशी खोल्या पाडायचं मशीन उभं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "बाबा, दुःख आहे, पण आजची तारीख ठरलेली आहे." मी म्हणालो, उद्या सकाळपर्यंत थांबा. कशापायी, ते सांगितलं. तो पोराकडं बघायला लागला, जणू म्हणत होता, म्हाताऱ्याला आवरा.

तेवढ्यात ती परभणीवाली पुढं आली अन् आमच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली. "सकाळपर्यंत हिचा एक पत्रा हलवायचा न्हाई. आधी माझ्यावरून ने तुझं मशीन." तिनं तसं कशापायी केलं, मला आजही कळलेलं नाही.

शेवटी तोड निघाली. मशीन गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचं, आमच्या खोलीकडं सकाळी उशिरा यायचं. मी हो म्हणालो. तिथंच चुकलो. मला वाटलं, लांब चाललंय, आपलं काय जातंय?

सकाळी दुरडी उचलायच्या आधीच पायाखालची फरशी थरथरत होती. उचलली, तर दिवा कलंडलेला. पिठाच्या बारीक लाटा झालेल्या, जणू पाण्यावर वारा गेलाय. वर छपराचा गंज सांडलेला. पाऊल नव्हतं. ती आलीच नव्हती, का आली होती अन् थरथरीनं पुसून नेलं, ते कुणी सांगावं? मी तिचा पदर सावरल्यासारखं ते पीठ हातानं सारखं केलं अन् बाहेर आलो.

दारात सगळी गल्ली उभी. मशीन बंद करून त्याचा ड्रायव्हरसुद्धा आला होता. परभणीवालीनं विचारलं, "काय उमटलं, भावजी?"

काहीच नाही म्हणालो असतो तर पुन्हा पीठ पसरावं लागलं असतं. पुन्हा एक दिवस, पुन्हा सगळ्यांची तोंडं. समोर मशीनच्या सोंडेवर एक कबुतर बसलेलं. मी म्हणालो, "कबुतराचं पाऊल."

"कबुतर?" ती म्हणाली. "ती कसली कबुतर होतीय! घार झाली असंल, घार. हंड्यावर कशी झडप घालायची!" लोक हसले. मग तीच पदर तोंडात घालून रडली. दुपारपर्यंत आमची खोली भुईसपाट झाली. मी तिला आत ठेवून घर पाडू दिलं, असंच मला वाटतं.

तेराव्यानंतर मी गावाकडं आलो. इथं मुंगी दिसली तरी पाय उचलतो. दारात कुत्री येऊन बसते, तिला हाड म्हणवत नाही. पुतण्या म्हणतो, "आबा, तुमाला खूळ लागलंय." लागलं असेल. पण सगळं बघून पुन्हा वाटतं, ती यातली कुणीच नाही. ती तिथंच खाली आहे, जिथं आता लोकांच्या गाड्या लागतात.

पोरगा आता सातव्या माळ्यावर राहतो. सूनबाई रोज गॅलरीत बाजरी टाकते अन् कबुतरांना आई म्हणते. घाण होते म्हणून इमारतीवाल्यांनी सगळ्या गॅलऱ्यांना जाळी मारली. सुनेनं आपल्या जाळीला विळीनं भोक पाडलं. त्यावरून बैठक बसली, भांडण झालं. परवा पोराचा फोन आला. "आबा, तुमी या. तुमी डोळ्यानं बघितलंय. या लोकांना तुमीच सांगा."

मी म्हणालो, "पाऊल नव्हतं रे."

मागं सूनबाई भांडी घासत होती, तो आवाज येत होता. पोरगा हळूच म्हणाला, "हिला सांगू नका."

"न्हाई सांगत."

"मग जाळीचं काय करू?"

मी म्हणालो, "भोक राहू दे."