चन्नाप्पाला चावलं कुठं?

कबनूरच्या यंत्रमागावर चन्नाप्पाचे केस पिकले होते. तुटलेला धागा तो न बघता बांधायचा. त्या सकाळी धागा तुटला, त्याने माग थांबवला, तर समोर दोन धागे. एक धरायला गेला, चिमटीत काहीच नाही. दुसरा धरला, तेच. पहाटेपासून पोटात कळा येत होत्या. त्यानेच होत असेल, असं त्याला वाटलं. पण पापण्या का मिटतायत?

"काय चन्नाप्पा, सकाळीच झोकलीस व्हय?" शेजारच्या मागावरचा ज्ञानू ओरडला.

चन्नाप्पा दारूला शिवत नव्हता. तसं सांगायला गेला तर जीभच वळेना. ज्ञानू आणखी हसला. उतारा म्हणून त्याने लिंबूपाणी पाजलं. घोट घशाखाली उतरेना, नाकातून परत आला. मग मात्र ज्ञानूचं हसू गेलं. त्याने चन्नाप्पाच्या बायकोला, शांतव्वाला बोलावलं. तिने नवऱ्याचं तोंड हुंगलं.

"वास न्हाय, काय न्हाय. कसली दारू? गाडी काढ की!"

कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मान सावरेना. डॉक्टरीणबाईंनी शांतव्वाला विचारलं, "रात्री जमिनीवर झोपले होते?"

"व्हय. उकडतंय म्हणून."

"मण्यार असणार. त्या सापाचा दात लागलेला कळतसुद्धा नाही. विष नसांचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचू देत नाही."

चन्नाप्पाला सगळं ऐकू येत होतं. मण्यार? कधी? सर्पविषावरचं औषध सलाइनमधून सुरू झालं, पण छाती हलेना. घशात नळी गेली. श्वासाचं यंत्र जोडेपर्यंत एक ब्रदर नळीला लावलेला हवेचा फुगा हाताने दाबत राहिला. घामाघूम झाला, पण लय चुकली नाही. आपला श्वास दुसराच माणूस घेतोय, हे चन्नाप्पाच्या डोक्यात शिरेना.

"गेलं की वं माझं धनी!" शांतव्वाने टाहो फोडला.

न्हाय गेलो, असं त्याला ओरडायचं होतं. बोटही हललं नाही.

"मावशी, त्यांना ऐकू येतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रडू नका, बोला."

ती कानाशी वाकली. "अवं, मी हितंच हाय. मशीन श्वास घेतंय. तुमी निस्तं पडून ऱ्हावा."

पडून राहण्याएवढं कष्टाचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. औषधाने पुढचं विष अडवलं. झालेली इजा भरून यायला दिवस लागले. आधी पापणी उचलली, मग मान, शेवटी स्वतःचा श्वास.

नळी निघाल्यावर चन्नाप्पाने हात बघितले, पोटऱ्या बघितल्या. शांतव्वाला पाठ बघायला लावली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"मग चावलं कुठं?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मला काय ठावं? जित्तं हाईसा, आनि काय पायजे?"

तो पाय जवळ ओढून एकेक बोट पुन्हा बघायला लागला.