तेल लावलेला फिल्टर

ॲम्ब्युलन्स घाटाच्या पहिल्या वळणावरून पेशंटसह परत आली. पेशंट बावीस वर्षांची, पहिलटकरीण, बीपी चढलेलं. तिला बुलडाण्याला हलवायचं होतं. दुसऱ्या ॲम्ब्युलन्सला दीड तास लागणार होता. मी सर्व्हिस इंजिनिअर. गाड्या तपासायला त्या दिवशी घाटाखालच्या आरोग्य केंद्रातच होतो.

"चालू होते, पण चढावर दम सोडते," ड्रायव्हर वासुदेवभाऊ म्हणाले.

"तुमची व्हॅन?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"तिच्यात ऑक्सिजन नाही."

"मग हीच दुरुस्त करा. लवकर."

स्कॅनर लावला. इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा असायला हवा त्याच्या निम्मा. ही हवा मोजतो एमएएफ सेन्सर. त्यात एक बारीक तापलेली तार असते. हवा तिला थंड करते. ती पुन्हा तापवायला किती करंट लागला, त्यावरून कॉम्प्युटर हवेचा हिशेब करतो. हवा कमी दिसली की तो डिझेलही कमी देतो.

तार चिकट झाली होती. क्लीनर मारला. ओली असताना स्विच दिला तर सेन्सर कायमचा जाऊ शकतो, म्हणून दहा मिनिटं थांबलो. मॅडम दोनदा बाहेर येऊन गेल्या. आकडा बरोबर आला. रेस केली, आणि तो पुन्हा घसरला.

मग फिल्टरचं झाकण उघडलं. कागदी फिल्टर तेलानं निथळत होता. तेच तेल हवेबरोबर तारेवर जाऊन बसत होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच. कपाशीची धूळ लय आहे ना. ट्रॅक्टरच्या फिल्टरात नाही का तेल टाकत?"

"तो तेलाचाच असतो. हा कोरडा लागतो."

"मंग आधी काऊन नाही इचारलं मले? पंधरा मिनिटं त्या डब्बीतच पाहून राह्यले तुम्ही."

माझी व्हॅन त्याच मॉडेलची. तिचा कोरडा फिल्टर काढून ॲम्ब्युलन्सला बसवला, हवेचा पाइप पुसला, उरलेला क्लीनर तारेवर मारला. पुन्हा दहा मिनिटं. आतून पेशंटच्या आईचा आवाज येत होता. या वेळी रेस केल्यावरही आकडा टिकला, आणि ॲम्ब्युलन्स पेशंटला घेऊन निघाली.

पाऊण तासानं वासुदेवभाऊंचा फोन आला. "चढली. पेशंट आत नेला." संध्याकाळी मॅडमनी सांगितलं, सिझर झालं, दोघंही ठीक आहेत. मी तेव्हा केंद्राच्या पायरीवर मलकापूरहून येणाऱ्या फिल्टरची वाट पाहत होतो.

आता मी स्कॅनर नंतर काढतो. आधी ड्रायव्हरला विचारतो, गाडीला काय काय केलं.