रघूचं काचेचं पाणी

२०२५ साल. रघू साळवी अडुसष्ट वर्षांचा होता आणि मी बहात्तरचा, त्यामुळे आधी माझा नंबर लागणार हे आम्ही दोघांनीही धरून ठेवलं होतं. त्या सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं बोनेट उघडून काच धुण्याच्या पाण्याची टाकी बघत होतो. वरून आमच्या मंडळींनी हाक मारली, "अहो, लवकर वर या. साळवीभावजी गेले." मी विचारलं, कुठे गेले? कारण आदल्या संध्याकाळीच तो मला म्हणाला होता की उद्या नवीन बाटली देतो, ही वापरून बघ... वर त्याच्या घरी गेलो तर रघू खुर्चीतच होता. खांद्यावर टॉवेल, समोर चहा, चहावर साय धरलेली. माझा कुठल्याच गोष्टीवर पटकन विश्वास बसत नाही. मी त्याच्या नाकासमोर हात धरून बघितला, त्याच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या देखत. त्यांना ते आवडलं नसेल, पण खात्री करून घेतलेली बरी.

रघू मूळचा महाडकडचा. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्यात त्याची सगळी नोकरी गेली. मी साताऱ्याकडचा, पहिलीतच शाळा सोडलेला, आयुष्यभर तुर्भ्याच्या गोडाऊनमधला माल दुसऱ्यांच्या टेम्पोतून वाहिला. जुईनगरला सोसायटीत राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी जिन्यात सोफा अडकला. हा वरून म्हणाला, "पाय काढा त्याचे." मी म्हटलं, माझा सोफा आहे, मला कळतं. शेवटी पायच काढावे लागले. तिथून आमची ओळख. तो मला बाबू म्हणायचा, मी त्याला रघू. तीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मला तरी आठवत नाही.

रिटायर झाल्यावर मी जुनी पांढरी गाडी घेतली. सेकंडहँड, पण गाडीच्या पुस्तकावर माझं नाव. जन्मभर मालकाच्या गाडीत नळाचं पाणी आणि शॅम्पूची पुडी टाकून काच धुतली होती, आता माझ्या गाडीला मी ते करणार नव्हतो. दुकानातली निळी बाटली आणली, सीलबंद. रघू हसला. म्हणाला, "निळ्या रंगाचे पैसे देतोस होय?" त्याची स्वतःची कृती होती. वरच्या मजल्यावरच्या एसीची नळी आमच्या पार्किंगच्या भिंतीवरून खाली येते, तिला त्याने तारेने तेलाचा रिकामा कॅन टांगला होता. थेंब थेंब साठायचं. त्यात क्षार नसतात म्हणे, टँकरच्या पाण्यासारखे काचेवर पांढरे डाग पडत नाहीत. त्यात चार थेंब शॅम्पू आणि थोडं स्पिरिट. मी म्हटलं, लोकांच्या बेडरूममधली वाफ आहे ती, ती मी माझ्या काचेवर मारू? "मग काय झालं," तो म्हणाला, "तू त्यांचा टीव्ही पण ऐकतोसच की खिडकीतून."

दोनेक वर्षांपूर्वी माझी काच धुरकट दिसायला लागली. सकाळचं ऊन समोरून आलं की सगळीकडे साय पसरल्यासारखं व्हायचं. पिचकारी मारली, वायपर फिरवला, तरी तेच. मी निळ्या बाटलीवर संशय घेतला आणि थेट दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, सील बघा ना, कंपनीचं आहे." मी म्हटलं, सील लावायचं मशीन तुर्भ्यात मिळतं, मी स्वतः टेम्पोतून पोचवलंय. त्याने दुसरी बाटली दिली. तीही तशीच. तिसरी दुसऱ्या दुकानातून आणली. मग वायपरचे रबर बदलले. मग वॉचमनवर डोळा ठेवला, रात्री कोणी तेलकट फडकं फिरवतंय का म्हणून. रघू हे सगळं बघत होता. एक दिवस तो गाडीत माझ्या शेजारी बसलेला असताना सहज म्हणाला, "बाबू, एकदा डोळे दाखव."

मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला म्हटलं, उतर.

माझ्या चुलत्यांना गावच्या शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करायला नेलं होतं. हिरवी पट्टी बांधून परत आले, पट्टी सुटली तेव्हा त्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं. मी तेव्हा लहान होतो, त्यांचा हात धरून मीच त्यांना ओढ्यावर न्यायचो. तेव्हापासून माझ्या डोळ्यांबद्दल कोणी बोललेलं मला चालत नाही. आणि डोळे गेले म्हणजे गाडी गेली, एवढं कळायला शाळा लागत नाही. रघू सानपाड्याहून चालत घरी आला. महिनाभर आम्ही बोललो नाही. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी तो हातात बाटली घेऊन खाली आला. "निळं पाणी टाक ओतून. हे घाल, चल एक चक्कर मारू." डोळ्यांचं नाव नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माघार घेणारा माणूस नव्हता तो. त्याचं पाणी घातलं. पिचकारी मारली. तो म्हणाला, "आता बघ. पुढच्या टेम्पोचा नंबर सांग."

"माझी परीक्षा घेतोस?"

"पाण्याची घेतोय. सांग."

"शेवटी त्रेचाळीस."

त्याने टेम्पोचा नंबर पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाला, "शॅम्पू जास्त झाला वाटतं. पुढच्या वेळी कमी करतो."

तिथून हे दर रविवारचं झालं. नवीन बाटली, नवीन माप. एकदा रिठे घालून आणले, तर पिचकारीचं भोकच बुजलं, सुमनवहिनींच्या साडीची पिन घेऊन ते मोकळं करत बसलो. प्रत्येक वेळी नंबर वाचायला लावायचा. कधी दुकानाच्या पाटीवरचा आकडा, कधी बसचा. मी शिकलेला नाही म्हणून हा मला सगळ्या रस्त्याने खिजवतोय असं मला वाटायचं. एकदा सिग्नलला मी म्हटलंच, "अक्षरं नसतील येत, पण आकडे येतात मला. टेम्पोचे नंबर पाठ असायचे." तो म्हणाला, "माहितीये रे. म्हणून तर आकडे विचारतो." तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. शिवाय मी कुठेही निघालो की हा शेजारच्या सीटवर हजर. भाजीला, बँकेत, ऐरोलीला माझ्या भाच्याकडे. मी मंडळींना म्हणायचो, फुकट फिरायला मिळतं साळव्याला. आणि गाडीत बसला की तोंड बंद नाही. "तो स्कूटरवाला बघ कसा घुसतोय. म्हातारी बघ, रस्ता बापाचा असल्यासारखी चाललीय. सिग्नल लाल झाला वाटतं, बाबू." मी म्हणायचो, गाडी मी चालवतोय की तू? तो म्हणायचा, "तूच. मी नुसता बडबडतोय."

तो गेल्यावर त्याच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं आली आणि गेली. त्यानंतर काही आठवडे मी गाडी काढली नाही. मग एका दुपारी मंडळींना घेऊन तुर्भ्याच्या मार्केटला निघालो. गाडीत कोणी बोलत नव्हतं. ती मागे बसते, तिला पुढे बसलं की भीती वाटते. मार्केटच्या गेटजवळ ऊन समोर आलं, मी पिचकारी मारली, वायपर फिरवला... आणि मागून ती ओरडली. मी ब्रेक दाबला. बोनेटपासून हातभर अंतरावर एक बाई उभी होती, डोक्यावर कोथिंबिरीची पाटी. मला ती दिसलीच नव्हती. ती बाई मला काहीबाही बोलली, तिचा हक्क होता. मी गाडी कडेला घेतली आणि वारा लागावा म्हणून बाजूची काच खाली केली. बाहेर बघितलं. समोरच्या ट्रकभोवती, झाडाभोवती, त्या बाईभोवती तीच साय होती. आता मध्ये काच नव्हती. निळं पाणी नव्हतं, रघूचंही नव्हतं.

मग कडेकडेने, हळूहळू गाडी घरी आणली.

घरी आल्यावर मी सरळ रघूकडे गेलो. वहिनींना विचारलं, त्याने शेवटची बाटली भरली होती, ती कुठे आहे? त्यांनी मोरीतल्या फळीवरून काढून दिली. मी झाकण उघडून वास घेतला. कसलाच वास नव्हता. हातावर घेऊन चोळलं, फेस नाही.

"यात काय घातलंय वहिनी?"

"काही नाही भावजी. वर्षभर नुसतं एसीचंच पाणी भरून देत होते."

"मग मला माप कसलं सांगायचा तो? दोन थेंब, तीन थेंब?"

त्यांनी खालमानेने फळी पुसली. "मी पण म्हटलं त्यांना, कशाला फसवता भावजींना. तर म्हणाले, काच स्वच्छच आहे त्याची, साबण कशाला वाया घालवू? डोळ्याचं म्हटलं की गाडीतून उतरवतो मला. बाटली तेवढी घेतो हातात, तर बाटलीच देतो त्याला. कधीतरी स्वतःच नंबर चुकलेला कळेल त्याला." मग त्या म्हणाल्या, "तोपर्यंत मी शेजारी बसतो, म्हणायचे."

मला राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. वर्षभर माझ्या गाडीत मला पाणी पाजत होता आणि मी त्याच्या शॅम्पूवर संशय घेत होतो. मी वहिनींना म्हटलं, लबाड होता तुमचा नवरा. त्या म्हणाल्या, "होताच." आणि चहा टाकायला आत गेल्या. मी तो चहा त्याच्या खुर्चीत बसून प्यायलो. तिथून खिडकीतून पार्किंग दिसतं, माझी गाडीही दिसते. एवढ्या लांबून ती पांढरी आहे इतकंच मला सांगता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली मंडळींच्या हातात दिली. तिने ती मसाल्याच्या डब्यामागे ठेवली. खाली आलो तर भिंतीवरचा कॅन भरून वाहत होता, रघू गेल्यापासून कोणी रिकामा केला नव्हता. मी तो तारेतून सोडवला, आदल्या दिवशी गाडी लॉक करायची राहिलीच होती, तिचं बोनेट उघडून कॅनमधलं पाणी टाकीत ओतलं, काहीही न मिसळता, आणि कॅन पुन्हा नळीखाली नीट टांगला. मग गेटबाहेर जाऊन डोळ्यांच्या दवाखान्यासाठी रिक्षा केली. रिक्षाची काच मला धुरकट दिसत होती. मी त्या रिक्षावाल्या पोराला काही बोललो नाही.