चढाचे कागद, उताराचे कागद

काइतान मास्तर ज्या वाटेनं वर येत, त्या वाटेनं कधी खाली जात नसत. आमचं जव्हारचं घर उतारावर होतं. पुढून मातीची पायवाट, मागून दगडी पायऱ्या. मास्तर पायवाट चढून ओटीवर येत आणि काम झालं की घराला वळसा घालून मागच्या पायऱ्यांनी उतरत. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरायचं. एकदा ते चांगले चार पायऱ्या घसरून आपटले, कोपर फुटलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच गेले.

आईनं शेवटी विचारलं, "मास्तर, पुढच्या वाटेनं काय घोडं मारलंय?"

"काही नाही, वहिनी. पण चढताना तिनं मला बघितलेलं असतं. उतरताना ती ओळखते. मला वाटांशी ओळख नको."

आई आत येऊन म्हणाली, "डोकं फिरलेलं दिसतंय. पण माणूस सभ्य आहे." तिच्याकडून एवढं मिळणं पुष्कळ होतं.

मास्तर गोव्याचे ख्रिस्ती. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, उन्हाळ्यातही काळा कोट. संस्थानच्या बँडचे ते मास्तर होते. बँडात आठ माणसं, सगळी आसपासच्या डोंगरातली. कुणी पोशेऱ्याचा, कुणी साखरशेतचा, आणि त्यांच्यात सर्वांत जुना लहानू सूर्यमाळचा. लावणीच्या दिवसांत बँडात दोघंच उरत, बाकीचे शेतात. भात झोडून झालं की पुन्हा आठ. या माणसांना मास्तरांनी स्वरलिपी वाचायला शिकवली होती, आणि तिच्याबरोबर एक वाक्य. "कागदावर आहे तितकंच. जास्त नाही, कमी नाही, आपलं डोकं तर नाहीच नाही." बँडातला कुणीही हे वाक्य मास्तरांच्या आवाजात म्हणून दाखवी.

मास्तरांचा आमच्या घराशी संबंध आला तो माझ्या अक्षरामुळे. माझे वडील, दादा, संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मी बारा वर्षांची होते आणि माझं अक्षर दादांपेक्षा चांगलं होतं, असं दादाच म्हणत. प्रत्येक वाजवणाऱ्याला त्याच्या वाद्याचा कागद लागतो, म्हणजे एका चालीचे आठ कागद. मास्तरांची नजर अधू झाली होती. त्यांनी दादांना विचारलं, दादांनी आईला, आणि आईनं अट घातली की जे काय करायचं ते ओटीवर, तिच्या नजरेसमोर.

नकलून देताना मी चुका करत असे. स्वराशेजारची चढीची खूण, म्हणजे सूर अर्ध्यानं वर न्यायची, मला कागदावर पडलेला डाग वाटायची आणि मी ती स्वच्छतेच्या हौसेनं गाळायची. दोन-तीनदा हे झाल्यावर मास्तर एके दिवशी गिटार घेऊनच आले.

"हाताला कान नसला की असं होतं, बाय. बस. जे लिहितेस ते आधी ऐक."

गिटारच्या तारा बकऱ्याच्या आतड्याच्या आहेत हे आईला कळलं तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला. वाद्य उंबऱ्याच्या आत यायचं नाही आणि वाजवून झालं की मी कोपरापर्यंत हात धुवायचे, यावर तो मिटला. तांदूळ निवडताना आई माझ्या बोटांकडे बघे. माझ्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, ते तिला आवडत नव्हते.

मास्तरांनी मला एकच सप्तक पक्कं शिकवलं. त्याला ते 'मिनोर मेलोदिक' म्हणत. त्यांच्या 'ला' या सुरापासून ते सुरू होई. आपल्या भाषेत सांगायचं तर गंधार सगळीकडे कोमल, पण धैवत आणि निषाद चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. चढताना करंगळी ताणून चौथ्या पडद्यावर न्यावी लागे. माझी करंगळी तिथवर पोचत नसे, मनगट दुखे. उतरताना त्याच तारेवर एक पडदा अलीकडे, आणि त्याच्या आधीचा स्वर तर मोकळ्या तारेचा, बोट लावायचंच नाही. मी मात्र वर गेले तशीच खाली यायची.

"उतरलीस कशी?" मास्तर पेन्सिलीनं गिटारच्या दांडीवर टकटक करत.

"चढले तशीच."

"म्हणून पडलीस गो. वर जाताना उमेद लागते, म्हणून दोन सूर उंच धरायचे. खाली येताना उमेद कुठली? बोट उचल. तार मोकळी सोड."

मी बोट उचललं. तो सूर वाजला तशी आई आतून म्हणाली, "गोदे, पुरे आता. कसंसंच वाटतंय." तिला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण त्या सुराचं काय ते तिला कळलं.

त्या साली पौषात वाड्यावरच्या आत्यासाहेब आजारी पडल्या. घराण्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाई, सत्तरीच्या पुढच्या. अंथरूण धरलं ते सुटेना. वैद्य झाले, डॉक्टर झाले. मग एके दिवशी वाड्याच्या खासगीचे कारभारी स्वतः चालत बँडच्या पडवीत गेले आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले की वेळ येईल तेव्हा बँडाला शोभेलशी चाल तयार पाहिजे. कुठे वाच्यता नको. हुकूम तोंडी होता. दादांना मास्तरांनीच सांगितलं.

दादा म्हणाले, "मास्तर, लेखी घ्या."

"असला हुकूम कोण लिहून देईल?"

"म्हणूनच म्हणतो. जिवंत माणसाच्या नावानं शोकाची चाल बसवताय. कुणाच्या कानावर गेली तर कारभारी कानावर हात ठेवतील. तुम्हाला रातोरात संस्थान सोडावं लागेल."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तोड काढली होती. चाल त्यांनी त्याच सप्तकात बांधली. अर्धी नुसती चढाची आणि अर्धी नुसती उताराची. चढाचा भाग एकटा ऐकला तर मिरवणुकीसारखा वाटे, जरा गंभीर इतकंच. तो त्यांनी आठही जणांकडून पडवीत उघड्यावर बसवून घेतला. बाजाराला आलेल्या बाया म्हणू लागल्या, "वाड्यात कुणाचं तरी लगीन जमलंय." उताराचा भाग ते एकेकाला आपल्या घरी बोलावून, दार लावून शिकवत आणि वाजवून झाला की कागद परत घेत. कुणालाही दोन्ही भाग जोडून ऐकायला मिळाले नव्हते. माझ्याकडे चढाचे कागद पिवळ्या फडक्यात असत, उताराचे काळ्या. पूर्ण चाल ठाऊक असलेली गावात दोनच माणसं होती, मास्तर आणि मी.

तरी लहानूला वास आला. कागद न्यायला तो ओटीखाली उभा होता, डोक्याचं फडकं हातात.

"मास्तर, ह्यो खालचा तुकडा कशाला हाय?"

"वाजवायला."

"आमच्याकडं तारपा नवा भात आल्याबिगर वाजवाया काढत नाय. आधी काढला त पीक जातं. दर सुराला त्याचा टाइम ऱ्हातो." त्यानं हातातलं फडकं झटकलं. "ह्याचा टाइम कंचा?"

"कागदावर आहे तितकंच बघ, लहानू."

"बघतोय. कागदच बरा दिसत नाय."

फाल्गुनात वारा सुटला. दुपारी ओटीवर कागद टिकेनात. एकदा उताराचा एक कागद उडून थेट खालच्या कुंपणात अडकला आणि मी धावत जाऊन आणला. कुणी पाहिला असता तर? मास्तर त्या दिवशी मोखाड्याला गेले होते, ढोल वाजवणारा आजारी पडला म्हणून दुसरा शोधायला, आणि दुसऱ्या दिवसाआधी येणार नव्हते. मी कारकुनाची मुलगी. सुटे कागद म्हणजे हरवलेले कागद, हे घरात रोज ऐकलेलं. दादांच्या पेटीत कचेरीचा लाल दोरा आणि दाभण होतं. मी प्रत्येक वाद्याचा चढाचा कागद वर, उताराचा खाली असे जुळवले, समासात कचेरीच्या पद्धतीनं पाच भोकं पाडली आणि आठही जुड्या शिवून टाकल्या. मला वाटलं मास्तर शाबासकी देतील. आठही जुड्या मी पिवळ्या फडक्यात बांधून ठेवल्या, कारण काळं धुवायला टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले असताना लहानू आला, तालमीसाठी पिवळं फडकं मागितलं, आणि आईनं ते दिलं.

तालीम सुरू झाली तेव्हा मी केस पुसत होते. चढ नेहमीसारखा वर गेला. तो संपतो तिथे थांबायला हवं होतं. थांबला नाही. सात जणांनी पान उलटलं आणि सगळे एकदम खाली उतरू लागले. बाजाराच्या दिवशी, भर सकाळी. मी पायवाटेनं धावत सुटले. रस्त्यावर डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया जागच्या जागी उभ्या होत्या. एका म्हाताऱ्यानं पागोटं काढलं. मी पोचले तोवर चाल शेवटच्या 'ला'वर येऊन थांबली होती. पडवीत लहानूनं आपलं पितळी कॉर्नेट मांडीवर ठेवलं होतं आणि तो माझ्याकडे बघत म्हणाला, "कागदावर व्हतं, बाय. तितकंच वाजवलं."

मास्तर त्याच वेळी मोखाड्याच्या रस्त्यानं परत येत होते. आपली चाल त्यांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकली ती चढणीवर, लांबून.

वाड्यावर त्या वेळी बाया आत्यासाहेबांच्या केसांना तेल लावत होत्या. आत्यासाहेबांनी विचारलं, "कोण गेलं?" कुणी उत्तर देईना. त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "कुणी सांगत नाही, म्हणजे मीच."

दुपारी कचेरीत मास्तरांची जबानी झाली. लिहायला दादाच होते. कारभारी म्हणाले की असा हुकूम कुणी दिलेला नाही. मास्तरांनी तेही नाकारलं नाही. चाल आपणच बांधली, आपल्याच सांगण्यावरून वाजली, असं त्यांनी सांगितलं. कागद पुढे ठेवले ते सुटे होते. समासात मात्र पाच-पाच भोकं होती. दादा मला पुढे कितीतरी वर्षांनी म्हणाले, "ती भोकं मी बघितली. असं शिवायचं तुला मीच शिकवलं होतं. दोरा कचेरीबाहेर कुणाकडे नव्हता. मी मान खाली घातली आणि लिहीत राहिलो." घरात पाच माणसं खाणारी होती. दादांना मी दोष देत नाही. मी स्वतःही तोंड उघडलं नाही.

मास्तरांना तीन दिवसांत संस्थान सोडायला सांगितलं. जाताना ते आमच्याकडे आले. मी खांबाआड उभी होते. त्यांनी कोटाच्या खिशातून बांबूची एक चिपाटी काढली. तिच्यावर लाल दोरा नीट गुंडाळलेला होता, आठही जुड्यांचा, गाठी सोडवून.

"बाय, तुझा दोरा. चांगला आहे, उगाच तोडला नाही."

मी तो घेतला. काही बोलायला हवं हे मला कळत होतं. मास्तरांनी कोटाची गुंडी लावली. मग म्हणाले, "करंगळी ताणत जा. पोचेल." आणि ते आले होते त्याच पायवाटेनं उतरू लागले. आई दारातून ओरडली, "मास्तर, मागून!" त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असेल. दादांनी तो दोरा माझ्या हातून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन जागेवर ठेवला.

मास्तरांना मोखाड्यावरून घाटमाथ्याकडे जाऊन रेल्वे गाठायची होती. सोबत लहानू होता, डोक्यावर ट्रंक, पाठीला गिटार. वैशाख संपताना लहानू एकटा परत आला. पाठीला फक्त गिटार. ओटीखाली उभा राहिला, पाणी प्याला, पुन्हा मागितलं.

"वाटेतच ताप भरला," तो म्हणाला. "सूर्यमाळला माझ्या घरी ठेवला. इहिरीला पाणी नव्हतं, बायको खालच्या झऱ्यावरून आणायची. वैदू केला, सगळा केला. सूर्यमाळ चढला मास्तर, उतरला नाय."

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. मी गिटार घेतली. एक तार तुटलेली, पण ती या सप्तकात लागत नाही.

"वाजव, बाय," लहानू म्हणाला. "ती खालची."

मी आईकडे बघितलं.

"आता वाजव. आता टाइम हाय तिचा."

मी आधी चढले, कारण चढल्याशिवाय उतरता येत नाही. करंगळी पोचली. मग वरच्या 'ला'वरून बोट उचललं आणि तार मोकळी सोडली. खालपर्यंत कुठेही चुकले नाही. आईनं पुरे म्हटलं नाही.

आत्यासाहेब त्या चालीच्या रागावरच उठून बसल्या असं वाड्यात म्हणत. त्या पुढे सात वर्षं जगल्या. गेल्या तेव्हा बँडाला नवे मास्तर होते आणि त्यांनी त्यांचंच काहीतरी वाजवलं. चढाचे कागद वाळवीनं खाल्ले. उताराचे कुठे गेले ठाऊक नाही. कुणाला हवे असतील तर मी पुन्हा लिहून देऊ शकते, चढीच्या खुणांसकट.

त्या दिवशी वाजवून झाल्यावर लहानूनं डोक्याला फडकं बांधलं, आईला राम राम केला. तो पायवाटेनं वर आला होता. जाताना पायवाटेपाशी जरा थांबला, मग घराला वळसा घालून मागच्या पायऱ्यांनी उतरून गेला.